परतीचा रकाना

राष्ट्रीय उद्यानाच्या नाक्यावरचे नोंदणी कारकून म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. डोंगरात जाणाऱ्याने सकाळी वहीत नाव, वाट आणि वेळ लिहायची. उतरल्यावर परतीच्या रकान्यात वेळ टाकून सही करायची. संध्याकाळी सहाला ज्याचा रकाना रिकामा, त्याच्या शोधाला बचाव पथक निघायचं. यात कारकुनांनी भल्याभल्या साहेबांनाही सूट दिली नव्हती.

सूट दिली ती फक्त लेकीला. ती डोंगरकडे चढणारी, दर रविवारी हजर. पलीकडच्या वाटेने उतरलं की तिची शहरातली खोली जवळ पडे. एका सहीसाठी नाक्यावर यायचं म्हणजे दोन तासांचा हेलपाटा. म्हणून ती सकाळीच दोन्ही रकाने भरून टाकी. पहिल्यांदा कारकून रागावले होते. "बाबा, मी काय हरवणार आहे का?" म्हणत तिने त्यांच्याच कानामागचं पेन काढून घेतलं, आणि स्वारी विरघळली. लेकीपुढे त्यांचं कधी काही चाललंच नाही.

त्या रविवारी सहाला त्यांनी वही तपासली. एकही रकाना रिकामा नव्हता. कुलूप लावून ते निवांत घरी गेले. सोमवारी लेक कामावर गेली नाही, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. दुपारी ती कड्याखाली सापडली. पहाटेपर्यंत तिच्यात जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

पथकाने हयगय केली, असं बायको धरून बसली. येता-जाता ती पथकाला शिव्याशाप देई आणि कारकून खाली मान घालून ऐकत. महिन्याभराने ती नाक्यावर आली. लेकीचं शेवटचं अक्षर बघायचं होतं. वही साहेबांकडे आहे, अशी थाप कारकुनांच्या अगदी ओठांवर आली होती. पण वही टेबलावरच होती.

तिने लेकीच्या नावावरून बोट फिरवलं. फिरत फिरत ते शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"साडेपाच," ती म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर उजळला. कारकुनांना तो बघवेना. "अहो, म्हणजे ती परत आली होती?"

"नाही. सकाळीच लिहिलं तिने. मी लिहू दिलं."



"त्या रात्री तुम्ही मागून घेऊन जेवलात," ती म्हणाली. "मीच वाढलं."

खिडकीशी दोघंजण सही करायला येऊन उभे होते. पान उलटायला हवं होतं. पण तिने त्या रकान्यावर तळहात ठेवला होता, आणि तो ती उचलेना. कारकुनांनी त्या दोघांना थांबायला सांगितलं.