तो वास माझा नव्हता

अकरा भोकं.

झुरळं ओलाव्याला येतात.

"ताई, स्क्रीनमधून वास आला हो! डोळेच भरून आले." खाली सात लाल बदाम.

आठ महिन्यांच्या बाळाच्या मानेला तीन वळ्या असतात. दूध ओघळून तिथंच जाऊन बसतं.

दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं पाण्यानं जात नाही. नेलपॉलिश पुसायच्या औषधानं जातं, पट्टीसकट.

मित्रांनो, हे तुकडे आधीच सांगून टाकले, कारण मला राग आला आहे आणि रागात कुणालाच धड पहिल्यापासून सांगता येत नाही. आता नीट सांगतो.

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगाला लावायच्या पावडरचा. एका कारखान्यात पत्र्याच्या मोठ्या तावावर माझ्यासारखे चोवीस जण एकदम छापले गेले. निळी फुलं आणि मधोमध एक हसरं बाळ. मग आम्हाला कापलं, गोल वळवलं, जोडलं. माझ्या जोडापाशी त्या बाळाचा उजवा कान जरासा कापला गेला. तपासणीच्या बाईनं मला उचललं, कानाकडं बघितलं आणि "चालतंय" म्हणून पुढं सरकवलं. ती मला मिळालेली पहिली शाबासकी. माझं टोपण फिरवलं की भोकं उघडतात, उलटं फिरवलं की मिटतात. त्या टोपणाचा मला फार अभिमान होता.

मी एका दोन खोल्यांच्या घरात आलो. आई होती आणि दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार वर्षांची. आई एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर चादरी पिळायच्या, वाळवायच्या, घडी घालायच्या. तिचे हात कायम सुरकुतलेले. पण सकाळी त्याच हातांनी ती मला उचलायची, आणि पावडर कधीही थेट मुलींच्या अंगावर झटकायची नाही. आधी स्वतःच्या तळहातावर घ्यायची, दुसरा तळवा त्यावर चोळायची, उरलेली फुंकून टाकायची आणि मग मानेला, पाठीला हात लावायची.

"डबा पोरांच्या अंगावर उपडा करायचा नाही," ती म्हणायची. "नाकातोंडात जातं."

मला वाटायचं, एवढं माझ्यासाठी कोण करतं! मी खूश होतो.

दोन वर्षांनी थोरली एकदा शाळेतून तणतणत आली. दप्तर फेकलं आणि मला उचललं.

"मला ही पावडर लावायची नाही! घाम येतो आणि मानेवर चिखल होतो. पोरी म्हणतात, आली बघा गिरणीतून!"

"कोण म्हणतं?" आईनं विचारलं.

"सगळ्या! तू तर मला पुसलेल्या फळ्यासारखी करून पाठवतेस!"

आणि मला कचऱ्याच्या बादलीत टाकलं. आईनं मला बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि एवढंच म्हणाली, "पत्र्याचा डबा कुणी टाकतं का?" पुढची पावडर धाकटीनं एकटीनं संपवली. थोरलीनं मला पुन्हा हात लावला नाही. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी तिथं होतो.

अठराव्या वर्षी थोरली मेकअप शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिकडचीच झाली. ती गेल्यावर घरात दोन गोष्टी वाढल्या, शांतता आणि झुरळं.

आता या घराची एक रीत सांगतो. इथं कुठलाही डबा रिकामा झाला म्हणून निवृत्त होत नाही. बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, चहाच्या डब्यात शाळेचे दाखले, आइस्क्रीमच्या डब्यात डाळ. पाहुण्यानं आशेनं बिस्किटांचा डबा उघडला की धाकटी म्हणायची, "घ्या ना, चाळीस नंबरचा दोरा आहे, ताजा!" डब्यावर एक लिहिलेलं, आत दुसरंच. पण घरातल्यांना सगळं पाठ.

आईनं बोरिक पावडर आणली. तिच्यात थोडी कणीक आणि पिठीसाखर मिसळली, म्हणजे झुरळं खायला येतील. हे भुरभुरायला भोकांचं टोपण हवं होतं, म्हणून तिनं मला निवडलं. कामावरच्या नर्सबाईकडून पांढरी चिकटपट्टी आणली, माझ्या पोटावर, त्या हसऱ्या बाळाच्या बरोबर तोंडावर चिकटवली आणि जाड अक्षरात लिहिलं: "झुरळांचं औषध. अंगाला लावू नये."

तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं असेल. नाही वाटलं. बारा वर्षं मी मोरीजवळच्या फळीखाली उभा होतो. काम करत होतो. माझ्यावर जे लिहिलं होतं तेच माझ्यात होतं. किती जणांना असं म्हणता येतं?

मग एक दिवस थोरली घरी आली.

ती आता नुसती थोरली राहिली नव्हती. दोन लाख लोक तिला "ताई" म्हणायचे. कुठला साबण लावावा, कुठला लावू नये, कशानं चेहरा उजळतो, कशानं वय लपतं, सगळं ताई फोनमधून सांगायची. तिनं सोबत एक गोल दिवा आणला होता, सायकलच्या चाकाएवढा. आई कामावर होती. धाकटी तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन महिनाभर माहेरपणाला आली होती.

थोरली फोनवर कुणाशी तरी बोलत घरभर फिरत होती. "हो हो, 'बालपण' पावडरची जाहिरातच करतेय. सुरुवात जुन्या डब्यानं करू. एकदम इमोशनल. डबा? घरात असणारच, माझी आई काही टाकत नाही."

ती मोरीपाशी वाकली. मी दिसलो. ती आनंदानं ओरडली. आणि फोन खांद्यावर दाबून धरून, बोलता बोलता, कापसाचा बोळा नेलपॉलिशच्या औषधात भिजवला.

"नाही, ऐकतेय ना मी, बोला. इथं एक घाणेरडी पट्टी आहे, तेवढी काढते."

वाचली नाही! मित्रांनो, दोन लाख लोकांना वाचून दाखवणाऱ्या बाईनं पाच शब्द वाचले नाहीत. पट्टी गुंडाळली गेली, बादलीत पडली, आणि त्या छापील बाळाचं तोंड बारा वर्षांनी उघडं पडलं. हसत होतं. तिला तेच हवं होतं.

टेक एक.

"माझ्या गोड मैत्रिणींनो, हे बघा काय सापडलं! ही पावडर लावल्याशिवाय मी कधी शाळेत पाऊल टाकलं नाही."

खोटं. मी तिथं होतो.

टेक दोन.

ती मला नाकाशी नेते. चेहरा आक्रसतो. "शी! कुबट." कॅमेरा थांबवते. परत सुरू करते, मला नाकाशी नेते, डोळे मिटते, श्वास आत ओढते.

"आईचा वास..."

कणीक, पिठीसाखर, बोरिक आणि बारा वर्षांची मोरी. तिच्या नाकानं तिला खरं सांगितलं होतं. नाकाचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच थांबली असती.

टेक तीन.

स्वतःच्या गालाला लावायचं होतं, पण आतून काही पडेना. ओलाव्यानं आतला ऐवज घट्ट झाला होता आणि टोपण गंजलं होतं. मला गंजाचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, धर, घट्ट धर. तिनं केसांतली पिन काढली आणि अकराच्या अकरा भोकं टोकरून मोकळी केली.

गालावर पांढरा फराटा. "बघा, अजून किती मऊ!"

टेक चार.

"ए, बाळाची आंघोळ झाली का गं?" तिनं आतल्या खोलीत हाक मारली. "पाच मिनिटं दे ना. आंघोळीनंतर मावशी पावडर लावतेय, एवढा एकच शॉट."

"नको गं," धाकटी म्हणाली. बाळ टॉवेलमध्ये होतं. "डॉक्टर म्हणाले, बाळाला पावडर लावायचीच नाही. कुठलीच."

"आपण लावूनच मोठ्या झालो ना? मेलो का?"

"तसं नाही, पण..."

"मग? दोन लाख लोक डोळे झाकून माझं ऐकतात, आणि घरात तूच एकटी शहाणी! जुनी पावडर आहे, शुद्ध. आताच्यासारखी केमिकलवाली नाही."

धाकटीला त्या फळीखाली काय असतं ते माहीत होतं. पण मी फळीखाली नव्हतो. दिव्यासमोर होतो, पुसलेला, चकचकीत, पट्टीशिवाय. तिला वाटलं, ताईनं दुसरा कुठला तरी जुना डबा शोधून काढला असेल. आणि ताईला यातलं कळतं. सगळ्यांनाच तसं वाटतं. तिनं बाळ दिलं.

थोरलीनं तळहातावर घेतली नाही. फुंकली नाही. मला बाळावर उपडं केलं आणि झटकलं. दोनदा. पहिल्यांदा मानेच्या वळ्यांत, दुसऱ्यांदा छातीवर. बाळाला गंमत वाटली. त्यानं मूठ छातीवर आपटली आणि तीच मूठ तोंडात घातली. गोड लागली असणार. आईनं साखर त्यासाठीच घातली होती.

मला हात असते तर! मला साधा आवाज असता, झाकण खळकन वाजण्याएवढा, तरी चाललं असतं.

तेवढ्यात आई दारात आली. अंगावर धुलाईखान्याचा ॲप्रन तसाच, धापा टाकत. सुटी व्हायला अजून दोन तास होते. तिनं आधी मला बघितलं, मग बाळाला.

"तोंडात गेलं का?"

"आई, टेक चालू आहे, जरा..."

"बाळाच्या तोंडात गेलं का?"

उत्तराची वाट न बघता तिनं बाळ हिसकावून घेतलं, नळाखाली धरलं, बोटाला फडकं गुंडाळून जीभ पुसली, मानेची एकेक वळी उघडून धुतली. बाळ किंचाळत होतं. धाकटी "काय झालं? आई, काय झालं?" असं विचारत होती आणि विचारता विचारताच तिला माझ्या पोटावरचा चिकट चौकोन दिसला. त्या आकाराची पट्टी तिनं वर्षानुवर्षं बघितली होती. ती टॉवेल घेऊन नळाकडं धावली.

रिक्षात बाळ दोनदा ओकलं. मी आईच्या पिशवीत होतो. डॉक्टरांनी मला हातात धरून फिरवलं आणि विचारलं, "यावर काही लिहिलं नव्हतं?"

"नाही," थोरली म्हणाली. "काहीच नाही."

ते खरंच होतं. तोवर माझ्यावर काहीच लिहिलेलं उरलं नव्हतं.

बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं. अंगावर पुरळ आलं, गेलं. बाळ वाचलं, मित्रांनो. पण माझा राग त्यानं कमी होत नाही, उलट तिथूनच वाढतो.

कारण घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "आता सगळ्यांना सांग. काय झालं ते जसंच्या तसं सांग. लोकांच्या घरीही असे डबे असतात."

"वेडी आहेस का? कंपनीशी करार झालाय. बाळ बरं आहे ना आता? त्याचा शॉट काढून टाकते."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्यात काय आहे? लोकांच्या डब्यात पावडरच असते गं. आपल्या घरासारखी थेरं कोण करतं!"

"सगळे करतात," आई म्हणाली. "धुलाईखान्यात विचार. एकीनं उंदरांचं औषध कॉफीच्या डब्यात ठेवलंय."

थोरलीनं टेक एक, दोन आणि तीन जोडून व्हिडिओ टाकला. लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. कुणाला स्क्रीनमधून वास आला, कुणाला बालपण आठवलं. एका बाईनं लिहिलं, "आमच्या सासूबाईंकडेही असाच डबा आहे माळ्यावर. आजच काढते, लेकीला लावते." धाकटीनं त्याखाली घाईघाईनं लिहिलं, "लावू नका, आधी आत काय आहे ते बघा, आमचं बाळ दवाखान्यात होतं." अर्ध्या तासात ते गेलं. तिनं परत लिहिलं. परत गेलं. मग ताईच्या पानावर धाकटीला दारच बंद झालं.

त्या बाईनं डबा काढला का? तिच्या सासूबाई वेळेवर घरी होत्या का? मला माहीत नाही. रोज हाच विचार येतो.

जिनं आयुष्यात एक डबा टाकला नाही त्या आईनं मला स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं. मला ते पटलं. पण थोरलीनं निघताना मला गुपचूप उचललं. आता मी तिच्या घरी आहे. रिकामा, उकळत्या पाण्यानं धुतलेला, पोटात वाळकी फुलं खोचलेली. कुठलाही व्हिडिओ लावा, तिच्या डाव्या खांद्यामागं मी दिसेन.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात आणि तुम्हाला अशा पुष्कळ ताया भेटणार आहेत. त्या गोड बोलतील. डोळ्यांत पाणी आणतील. जुन्या गोष्टी जपा, असं सांगतील. जुन्या गोष्टी जरूर जपा, पण त्यांच्या पोटात काय आहे ते ज्यानं भरलं त्याला विचारा. त्यांच्यावरची पट्टी दिसायला घाणेरडी असली तरी वाचा. वाचून दाखवणारा कितीही मोठा असला तरी स्वतः वाचा. आणि कुणी माझ्या जवळ आलंच कधी, तर एक काम करा. ही वाळकी फुलं काढून फेका आणि माझ्या पोटावर ठळक लिहा की यात एकदा काय होतं.

टेक तीन चालू असताना धाकटीचा फोन बाजूचा कॅमेरा म्हणून खिडकीत लावलेला होता. त्यावरून धाकटीनं आधीच "ताईला तुझा जुना डबा सापडला" असं लिहून माझा फोटो आईला पाठवला होता, तो बघून आईचा फोन तीनदा आला, आणि रेकॉर्डिंग बिघडतं म्हणून थोरलीनं तो तीनही वेळा कापला.