दुसऱ्या पानाचा आजार

आवाज ही मनुष्यप्राण्याची एकमेव खरी मालमत्ता आहे. राज्यं बुडतात, पुतळे उतरवले जातात, घरांचे रंग उडतात. आवाज तेवढा टिकतो. माझ्या बायकोचा, झेनाइदाचा, वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानापर्यंत टिकत असे.

झेनाइदा आमच्या गावच्या चिरूट कारखान्यात वाचिका आहे. माणसं बाकांवर ओळीनं बसून तंबाखूची पानं वळत असतात आणि ही समोरच्या चौथऱ्यावरून त्यांना वाचून दाखवते. सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी. कादंबरी कोणती ते कामगार हात वर करून ठरवतात. वर्तमानपत्र कोणतं हे ठरवायची वेळ येत नाही. वाचन आवडलं तर पानं कापायच्या चपट्या सुऱ्या फळीवर टकटक वाजवतात, नाही आवडलं तर जमिनीवर टाकतात. मी स्वतः तिथे पानं भिजवण्यात जन्म घालवला, म्हणून सांगतो, त्या सुऱ्यांना आमच्याकडे मंत्रीसुद्धा वचकून असतात.

कार्निव्हलच्या सुमाराला एका सकाळी ती साखरेच्या उत्पादनाची बातमी वाचत होती. पहिलं पान खणखणीत झालं. दुसऱ्या पानावर आवाज नाकात शिरला. ‘उद्दिष्ट’ हा शब्द तोंडातल्या तोंडात घोळला आणि ‘पूर्ण’ हा शब्द तर बाहेरच येईना. कामगारांना वाटलं, बाई सरकारची नक्कल करतेय. सुऱ्यांचा असा कडकडाट झाला की मॅनेजर धावत आला.

“झेनाइदा, हे काय चाललंय?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण जीभ उचलेना. ती मॅनेजरला उत्तरही देत नाही म्हटल्यावर सुऱ्या दुप्पट वाजल्या. पुढचा आठवडाभर माझी बायको गावात फार धाडसी बाई म्हणून ओळखली जात होती.

धाडस वगैरे काही नव्हतं. सकाळी उठली की ठणठणीत. बोलून, वाचून, जिने चढून दमली की डावी पापणी खाली घसरायची, शब्द सपाट व्हायचे, चावता चावता जबडा मध्येच थांबायचा. मांस आमच्या ताटात क्वचित येतं, त्यामुळे हे शेवटचं लक्षण जरा उशिरा ध्यानात आलं. आधी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “दात उत्तम आहेत. भानगड स्नायूंची दिसते. न्यूरोलॉजिस्टला दाखवा.”

न्यूरोलॉजिस्ट बसतो सांता क्लाराला, मोठ्या इस्पितळात. आणि त्याचं दार उघडतं फक्त आमच्या पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरच्या चिठ्ठीनं. आम्हाला एवढंच हवं होतं, एक चिठ्ठी.

पहिला डॉक्टर म्हणाला, “या वयात बायकांना असं होतं.” दुसरा तरुण होता, तो म्हणाला, “मनावर ताण आहे.” मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि “समजलं” असं म्हणाला. दोघांनीही टिलोच्या पाल्याचा काढा घ्यायला सांगितला. आमच्याकडे डॉक्टरला काही सुचलं नाही की तो टिलो सांगतो. झेनाइदा इतका टिलो प्यायली की तिला कशाचीच काळजी वाटेना, फक्त बोलता येत नव्हतं.

तिसरे डॉक्टर केसादा. हे ज्येष्ठ. पिकल्या मिशा, टेबलावर काच, काचेखाली स्वतःचा सत्कार घेतानाचा फोटो. त्यांनी तिच्या जिभेवर लाकडी पट्टी ठेवली.

“आ करा.”

“आऽऽऽ.”

असा ‘आ’ त्यांनी नोकरीत ऐकला नव्हता. वाचिकेचा ‘आ’ तो! खिडकीवरची कबुतरं उडाली.

“बाई, तुम्ही ऑपेरात जा,” केसादा म्हणाले. “नसा शांत ठेवा. टिलो घ्या.”

आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा ‘आ’, पुन्हा टिलो. आणखी एकदा गेलो तेव्हा तर त्यांनी नर्सला बोलावून तो ‘आ’ ऐकवला.

मग एका संध्याकाळी मलांग्याच्या कंदाची घट्ट पेज खाता खाता तिला ठसका लागला. घास आत जाईना की बाहेर येईना. मी पाठीत धपके घालतोय, ती माझ्याकडे बघतेय, एक डोळा उघडा, एक अर्धा मिटलेला. शेवटी घास सुटला. ती म्हणाली, “एवेलिओ, तू घाबरलास.” मी म्हटलं, “छे.” त्यानंतर ती काही खायला बसली की मला खुर्चीत बसवेना. उठायचो, खिडकीशी जायचो, परत यायचो, पाणी भरून ठेवायचो, ते ओतून पुन्हा भरायचो. “अरे, तू एका जागी बस, तुझ्याकडे बघूनच मला ठसका लागेल,” ती म्हणायची. स्वतः तरी कुठे बसत होती! रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, पुन्हा या.

अशाच एका सकाळी ती कॉफीची भांडी विसळता विसळता थांबली.

“आपण गाढव आहोत,” ती म्हणाली.

“दोघंही?”

“ऐक. दवाखान्यात जायच्या दिवशी मी घरापासून तोंड मिटून असते. कशाला? तर डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून. रांगेत लोक मला जागा देतात, वारा घालतात, ‘बाई, बोलू नका, दम खा’ म्हणतात. मी दोन तास राणीसारखी बसते. आणि मग आत जाऊन त्या माणसाला ताजा, विश्रांती घेतलेला ‘आ’ दाखवते!”

“मग?”

“मग आज दमून जाणार. कादंबरी घे.”

कादंबरी कारखान्याचीच होती, मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं. एक विधवा, तिचे तीन मयत नवरे, आणि मृत्युपत्र घेऊन आलेला नोटरी. कामगारांनी प्रचंड बहुमतानं निवडलेली.

पॉलिक्लिनिकच्या ओसरीवर नेहमीची गर्दी होती. रांगेत आपण कोणाच्या मागे ते कळावं म्हणून मी रिवाजाप्रमाणे ओरडलो, “शेवटचं कोण?”

“मी,” कोपऱ्यातून म्हातारा निकानोर म्हणाला. त्याच्या गुडघ्यात पाणी होतं. “मी या मिग्दालियाबाईंच्या मागे. आणि ही बाई कोणाच्या मागे आहे ते तिलाच माहीत नाही.”

“मला चांगलं माहीत आहे,” मिग्दालिया म्हणाली. “रक्तदाब वाढवू नकोस माझा. तेवढ्यासाठीच आलेय. ये गं झेनाइदा, बस इथे.”

“बसणार नाही,” झेनाइदा म्हणाली. “वाचणार आहे.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि सुरू झाली. पहिल्याच पानावर दुसरा नवरा विहिरीत सापडला. बाकावरची कुजबुज बंद झाली. दुसऱ्या पानाला हातपंखे थांबले. नर्सनं दारातून हाक मारली, “पुढचा!” कुणी हललं नाही. जो पुढचा होता तो म्हणाला, “तू जा.” त्याच्या मागचा म्हणाला, “मी कशाला? माझं काही दुखत नाहीये आत्ता.”

मी मात्र ओसरीभर येरझाऱ्या घालत होतो. कारण आवाज टिकून होता! सगळ्या जगाला तो टिकावा असं वाटत होतं आणि मी एकटा देवाकडे मागत होतो की जाऊ दे बाबा, एकदाचा जाऊ दे. स्वतःच्या बायकोबद्दल असं मागणं बरं नव्हे, पण दुसरा इलाज नव्हता.

“अहो, तुमच्या चपला वाजतात,” निकानोर खेकसला. “नोटरी जिना चढतोय, कळत नाही?”

एवढ्यात केसादा स्वतः बाहेर आले. आत एकट्यानं बसून कंटाळले असावेत.

“हा दवाखाना आहे की नाट्यगृह?”

“श्शू!” अख्खी रांग म्हणाली.

डॉक्टरांना ‘श्शू’ची सवय नव्हती. ते थिजले. मग त्यांनी झेनाइदाला ओळखलं आणि मला हळूच म्हणाले, “पाहिलंत? काय आवाज आहे! काही झालेलं नाही यांना. टिलो चालू आहे ना?”

“थोडं थांबा, डॉक्टर,” मी म्हटलं.

ते थांबले. माझ्यासाठी नव्हे, नोटरीसाठी. विधवेनं त्याला कॉफी दिली होती आणि तो कप तोंडाला लावणार होता. झेनाइदानं पान उलटलं. ‘कप’ हा शब्द जरा नाकातून आला. पुढचं वाक्य ओघळलं. डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली यायला लागली. तिनं एका हातात पुस्तक धरलं, दुसऱ्या हातानं हनुवटी वर धरली आणि वाचत राहिली. आता शब्द कळेनात, फक्त सूर कळत होता. मिग्दालिया बाकावरून अर्धी उठली. निकानोरनं गुडघा धरला होता तो सोडला.

केसादांच्या मिशा हलल्या. ते पुढे झाले, तिच्या हातातलं पुस्तक त्यांनी अलगद काढून घेतलं.

“छताकडे बघा. बघत राहा. पापणी मिटू नका.”

ती बघत राहिली. दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या.

“हे रोज होतं?” त्यांनी विचारलं. आवाज एकदम साधा झाला होता.

“दमली की,” मी म्हटलं. “गेल्या आठवड्यात घास अडकला होता.”

“मला सांगितलं का नाहीत?”



त्यांनी तिला बाकावर बसवलं, नाडी पाहिली, श्वास मोजला आणि दारात उभ्या उभ्याच चिठ्ठी लिहायला घेतली. “स्नायू थकत जाण्याचा एक आजार असतो. मला तोच वाटतो. त्याला औषध आहे. उद्याच सांता क्लाराला जा, मी फोन करतो. आणि श्वास जड झाला किंवा गिळता आलं नाही तर रांगेत थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीत.” चिठ्ठीवर शिक्का मारला आणि माझ्या हातात दिली. मी तिची तीनदा घडी केली, ती परत उघडली, परत घडी केली.

इतकं चांगलं वागल्यावर डॉक्टरांना राहवलं नाही. ते रांगेकडे वळले.

“मित्रांनो, यंत्रं म्हणजे वैद्यकशास्त्र नव्हे. डॉक्टरनं ऐकायला शिकलं पाहिजे! रुग्णाच्या शब्दात, रुग्णाच्या मौनात रोग लपलेला असतो. हे मी आयुष्यभर सांगत आलोय.”

झेनाइदाला बोलता येत नव्हतं. आलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. छापता येण्यासारखं नाही. निकानोर म्हणाला, “डॉक्टर, माझा गुडघा पण मौनातच आहे.” त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी तिला दंडाला धरून उठवलं. फाटकापर्यंत पोचलो, तोच मागून घाईघाईनं पावलं आली. डॉक्टर केसादा. ते आम्हाला गाठून थांबले, इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, माफी मागतात की काय. झेनाइदालाही तसंच वाटलं असावं. तिनं मोठ्या कष्टानं एक पापणी वर केली.

“एवेलिओ,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “हे पुस्तक माझ्याच हातात राहिलं. तो कप तोंडाला लावतोय तिथेच थांबलंय सगळं. सोमवारपर्यंत राहू द्याल का माझ्याकडे?”