स्वेटरातला फोटो

परदेश म्हणजे थंडी, हे सासूबाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं. अधू डोळ्यांनी वर्षभर खपून त्यांनी सुनेला पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणून दिला. सून नवऱ्यामागे जिथे येऊन पडली, तिथे उकाड्याने कपाटातल्या मेणबत्त्याही माना टाकत होत्या. आणि आता पत्र आलं, ‘स्वेटर घालून फोटो पाठव.’

“खरं काय ते कळवून टाक,” नवरा म्हणाला.

“तुम्हीच कळवा की! तुमच्या आईची मेहनत फुकट गेली, हे माझ्या तोंडून नको.”

शेवटी दोघं भर दुपारी स्टुडिओत गेली. तिने स्वेटर चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली. वर मोठाले दिवे पेटले.

फोटोग्राफर घाबरला. “बाई, थंडीताप आलाय का?”

“ताप नाही हो, सासूबाई आहेत. काढा लवकर!”

घामाने निथळत ती गोड हसली.

महिन्याभरात उत्तर आलं, ‘चेहऱ्यावर काय तेज चढलंय गं! थंड हवा मानवली तुला. आता पायमोजे विणायला घेते.’

तिने पत्र नवऱ्यापुढे ठेवलं. “पाय पुढे करा. या खेपेला माप तुमचं कळवणार आहे.”