अर्धा उघडा कॉक

धर्मेंद्रनं कॉक केसभर फिरवला, श्वास रोखला आणि कान पाइपाला लावला. गुडगुड बारीक झाली. आणखी केसभर फिरवला, तसा आवाज असा काही थांबला की हॉलमधला पंखा एकदम ऐकू यायला लागला.

"झालं!" कपाटातून डोकं बाहेर काढत तो म्हणाला. "माय, आता झोप बिनघोर."

वच्छलाबाई दिवाणावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी काचेच्या टाकीकडे पाहिलं, घामाघूम झालेल्या मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीत हात घातला.

"हाव," त्या म्हणाल्या.

अकोल्यात राहून घरात समुद्र पाळायचा म्हणजे डोक्याला ताप. खालच्या मजल्यावरचे पंजाबराव तर तोंडावर म्हणत, "इथी प्याले पाणी नाई, अन् हा बावा खारं पाणी सांभाळून राहिला." पण धर्मेंद्रचा त्या टाकीवर जीव होता. वर टाकीत पोवळी आणि नारिंगी जोकरमाशांची जोडी, खाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून खाली उतरायचं, पंप ते पुन्हा वर चढवायचा. उतरताना पाणी हवा गिळत यायचं, त्यामुळे दिवसरात्र गुडगुड चाललेली. वडील, देवमन, हिवाळ्यात गेले आणि तो आईला बाळापूरच्या वावरातल्या घरातून इथे घेऊन आला. पहिल्याच सकाळी ती म्हणाली होती, "तुयं पाणी रातभर बोलत राह्यते रे." धर्मेंद्र ओशाळला. आपल्या शौकापायी म्हातारीची झोप मोडावी!

म्हणून सुट्ट्या घालवून त्यानं सगळं नळकाम नव्यानं केलं. एका पाइपाचे दोन केले. पहिला तुडुंब भरून वाहणारा, त्याला कॉक. तो नेमका अर्धा उघडा ठेवला की हवा आत शिरत नाही, आणि हवा नाही तर आवाजही नाही. दुसरा पाइप मोकळा, कोरडा, त्याचं तोंड जरा वर. पहिला एखाद्या गोगलगायीनं बुजलाच, तर पाणी चढून दुसऱ्यातून जाणार आणि मोठा आवाज करणार. आवाज आला की समजायचं, काहीतरी बिघडलं. आता हा दुसरा पाइप एकटा सगळं पाणी पेलेल का, ते पहिला कॉक बंद करून तपासायला हवं होतं. पण तेवढा धीर त्याला झाला नाही. पाणी काठावरून खाली आलं तर? कपाटात विजेचा बोर्ड होता. उद्या बघू म्हणत ते राहूनच गेलं.

घर शांत झालं. त्याची बायको करिश्मा खूश झाली. आणि त्याच आठवड्यात आईनं पिशवी भरून दिवाणाखाली ठेवली.

"मी जातो बाळापूरले."

"काहून? काय कमी हाय इथी?"

"कमी काई नाई. झोप येत नाई."

"आता तं आवाजही बंद केला ना माय!"

रविवारी पोचवून दे, एवढंच ती म्हणाली. वावरात एकटं घर, बीपीच्या गोळ्या, हाकेच्या अंतरावर माणूस नाही. ती एकदा गेली की परत यायची नाही, आणि पुढची बातमी कुणीतरी फोनवरच सांगणार, हे धर्मेंद्रला दिसायला लागलं.

शुक्रवारी ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी तो अमरावतीला गेला होता. दुपारी आईचा फोन आला.

"धर्मा, तुयी टाकी बोलाले लागली पाय!"

आईचा आवाज खुशीचा होता, पण ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो खुर्चीवरून उठला.

"काय केलं तू? कायले हात लावला?"

"कायले लावू बाप्पा? नळ गेले, पाणी भरून झालं, मंग सगळे कॉक आवळले. तुया कपाटातला अर्धा उघडाच होता. वाया गेलं असतं ना पाणी."

चूक तरी कुणाची म्हणायची? ज्या मुलखात नळ कधी येतील याची वाट बघत भांडी मांडून ठेवावी लागतात, तिथे नळ गेले की घरभर फिरून एकेक कॉक आवळायचा, हे बायकांच्या हाताला न सांगता कळतं. अर्धा उघडा कॉक दिसला आणि हात पुढे झाला नाही, अशी बाई अख्ख्या वऱ्हाडात सापडायची नाही.

"उघड तो! आत्ताच्या आत्ता उघड! नाई, थांब, फरशी ओली हाय का पाय आंदी. ओली असन तं कपाटाजवळ जाऊ नको!"

"काय म्हणतं? पाण्यानं काई ऐकू येऊन नाई राहिलं. ठेवतो मी."

नंतर फोन नुसताच वाजत राहिला. करिश्मा बार्शीटाकळीच्या शाळेत, परीक्षेच्या कामावर. तिचा फोन शाळेच्या कपाटात जमा. त्यानं पंजाबरावांना फोनवर गाठलं. ते बिचारे गुडघे धरत वर चढले.

"पाण्याचा आवाज येऊन राहिला, लय जोरात," ते म्हणाले. "दार ठोकून ठोकून हात दुखला. वयनी काई उघडत नाईत."

"काका, दाराखालून पाणी येते का?"

"अजून तं नाई."

"मेन स्विच बंद करता येईन का?"

"तो तं तुया घरात, दाराआड हाय ना! थांब, चावीवाल्याले पाह्यतो."

ट्रेनिंग गेलं उडत. धर्मेंद्र मिळेल त्या बसमध्ये चढला. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर काही येता येईना. मन चिंती ते वैरी न चिंती. त्याला ओली फरशी दिसली, बोर्ड दिसला, आईचे अनवाणी पाय दिसले. मासे मरू दे, पोवळी मरू दे, टाकी फुटू दे, तो मनात म्हणत राहिला, पण मायले काई होऊ देऊ नको. पुन्हा फोन लावला. पंजाबराव म्हणाले, चावीवाला जेवायला गेला आहे.

रिक्षातून उतरून तो जिना चढला तेव्हा पंजाबराव पायरीवर बसले होते. आतून पाण्याचा धबाधबा आवाज येत होता. त्यानं किल्ली कुलपात घातली आणि दार ढकललं.

फरशी कोरडी होती.

टाकीतलं पाणी बोटभर चढलं होतं, पण काठाच्या आत. सगळंच्या सगळं दुसऱ्या पाइपातून खाली कोसळत होतं आणि पाइप आरडाओरडा करत ते पेलत होता. समोर दिवाणावर वच्छलाबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. फोन उशाशी पडला होता.

"हात्तिच्या!" पंजाबराव म्हणाले आणि गुडघे धरत खाली उतरले.

धर्मेंद्र दिवाणाला टेकून खालीच बसला. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं. त्या हुंदक्यानंच आईला जाग आली.

"काहून रे? लवकर आला?"

"दार ठोकलं, फोन केले. जीव गेला असता माया!"

"डोळा लागला. कित्येक दिवसांनी असा लागला रे."

"एवढ्या आवाजात?"

वच्छलाबाईंनी पदर सारखा केला.

"तुये बाबा रातच्या लाइनीवर वांग्याले पाणी द्याले जात. मोटरचं पाणी हौदात पडे, तो आवाज घरात ये. आवाज चालू हाय म्हणजे ते हायेत. मी झोपून जावो. आवाज थांबला का खाडकन जाग. लाइन गेली, अंधारात एकटे असतीन, इचू-काटा असते. मंग ते येतपर्यंत मी दारातच. तू त्या दिशी आवाज बंद केला. तवापासून मी रोज राती दाराकडं पाह्यत बसतो. मले समजते ना, ते येत नाईत म्हणून. पण डोळे मिटतच नाईत."

"मंग मले सांगितलं काहून नाई?"

"तू एवढा कपाटात घुसून घुसून काम केलं. कोणत्या तोंडानं सांगू?"

धर्मेंद्रनं नाक पुसलं आणि कपाटात डोकं घातलं. कॉक हळूहळू उघडला. धबाधबा आवाज उतरत उतरत गुडगुडीवर आला. आणखी केसभर फिरवला असता तर तोही गेला असता. त्याचा हात तिथेच थांबला. एकट्यानं सगळं पाणी पेललेल्या त्या दुसऱ्या पाइपाला एवढीशी धार काय जड होती!

संध्याकाळी करिश्मा दारातूनच म्हणाली, "हे काय, पुन्हा आवाज?"

"असू दे," तो म्हणाला.

रविवारी तो आंघोळ करून, पायात चपला घालून तयार झाला. बाळापूरची बस चुकायला नको होती.

"माय, निघाचं ना?"

दिवाणावर ऊन आलं होतं, टाकी गुडगुडत होती, आणि आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. धर्मेंद्रनं आवाज न करता चपला काढल्या.