फोटोतले बघे

आत्यानं वर्तमानपत्रात बावीस वर्षं फोटोंतले मुडदे पुसट केले होते. सकाळच्या चहाबरोबर लोकांच्या पोटात ढवळू नये म्हणून रक्त करडं करायचं, चेहऱ्यावर धुकं टाकायचं, पगार त्याचाच. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा भाच्यानं तिला आपल्या कामाला जुंपलं. भाचा कलावंत. बातम्यांतले मारहाणीचे, गोळीबाराचे फोटो रीतसर परवानगीनं घेऊन तो भिंतीएवढे मोठे करी आणि त्यातला मृतदेह काढून टाकी. उरत ते नुसते बघे. मेलेल्याला पुन्हा पुन्हा कशाला दाखवायचं, बघणाऱ्यांकडे बघा की, असं त्याचं म्हणणं. म्हणणं त्याचं, काढणं आत्याचं. मुख्य फोटोतला रस्ता तर तिनं असा बेमालूम भरला होता, की तिथं कुणी पडलं होतं हे पोलिसांनीही मानलं नसतं.

प्रदर्शनाची कार्डं छापून आली, ती छापखान्यात कागद कापणारी बाई स्वतःच घेऊन आली. गठ्ठा ठेवून तिनं वरच्या कार्डावरच्या मुख्य फोटोवर बोट टेकवलं. गर्दीपुढं गुडघ्यांवर बसून हंबरडा फोडणारी ती हीच. पुसला गेला तो तिचा नवरा.

"ताई, मी आता मोकळ्या रस्त्याकडं बघून रडतेय," ती म्हणाली. "वेडी दिसते. मला काढा, नाहीतर त्यांना परत ठेवा."

भाच्यानं समजावलं की चित्राचं मर्मच ते आहे, माणूस जातो, शोक उरतो वगैरे. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मर्माला दुसरा चेहरा मिळत नाही का, एवढंच विचारलं. भाच्याचं घोडं तिथं अडलं. नवरा परत ठेवावा तर सगळं प्रदर्शन खोटं पडणार. बाई काढावी तर मुख्य चित्र बोडकं.

आत्यानं न विचारता खुर्ची पुढं ओढली आणि फोटोतल्या बाईला पुसायला घेतलं. बाईच्या आड दोघा बघ्यांचे पाय झाकलेले होते. त्यांच्या पोटऱ्या, एक चप्पल, सगळं नव्यानं जुळवण्यात दोन तास गेले. बाई स्टुलावर बसून बघत राहिली.

काम संपलं आणि आत्याचा हात माउसवरच थांबला. नवरा पडला होता डाव्या कोपऱ्यात. गर्दीतली एकही नजर तिकडं नव्हती. सगळे बघत होते उजवीकडं, बाई बसली होती तिथं. लोक मुडद्याकडं बघतात असं धरून आत्यानं बावीस वर्षं मुडदेच झाकले होते.

"ते माझ्याकडंच बघतायत, हे मला तेव्हा रस्त्यावरच कळलं होतं," बाई म्हणाली.

भाच्यानं गठ्ठा बाजूला सारला आणि नवी कार्डं कधी मिळतील ते विचारलं. फाइल आत्ता दिलीत तर परवा, असं सांगून बाई उठली.