अजयने ठरवलेला हेड

गिटारच्या ॲम्प्लिफायरचे दोन भाग असतात, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. एक हेड आणि दुसरा कॅबिनेट. हेडमध्ये काचेच्या ट्यूबा असतात, जुन्या रेडिओत असायच्या तशा, आणि त्या तापल्या की आवाज तयार होतो. कॅबिनेट म्हणजे स्पीकरचं खोकं, आवाज बाहेर पडतो तो त्यातून. एक नसला तर दुसरा कुचकामी. माझा मुलगा सुशांत आणि त्याचा मित्र अजय दोघे मिळून वाजवायचे. कॅबिनेट अजयने घ्यायचा आणि हेड सुशांतने, असं त्यांचं ठरलं होतं.

अजयने आपला शब्द पाळला. हेडचं मात्र वर्षभर घोंगडं भिजत पडलं, कारण तो दोन चॅनलचाच हवा होता. एक चॅनल हळुवार वाजणारा आणि एक ओरडणारा. पायाने बटण दाबलं की ह्याच्यावरून त्याच्यावर जायचं. जेवताना तेच, काजू वेचताना तेच. मी वैतागून म्हणायचो, आधी खांद्यावरचं डोकं वापरा, मग विकतचं आणा. माझं तोंड असं आहे. मथुरा, माझी बायको, म्हणते की माझ्या जिभेला हाड नाहीच, लगामही नाही.

मग म्हापशाच्या एका दुकानात तसे दोन हेड आल्याचं कळलं. दोघांनी मिळून जायचं होतं. सकाळी सुशांतने फोन करून सांगितलं की मला ताप आहे, तू जा. अजय एकटा गेला. दुकानातून त्याने मोबाइलवर बोलून निरोप पाठवला: "सुश्या, ठरलो रे हेड. खंयचो तो घराक येवन सांगतंय." परत येताना हायवेवर एका ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली. अजय घरी आला नाही. कुठला हेड ठरला होता, तेही राहून गेलं.

त्या दिवसापासून सुशांतने तोंडात मिठाची गुळणी धरली. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचं, ताट आलं तर दोन घास खायचे, नाहीतर तेही नाही. अजयच्या बाराव्याला गेला नाही. अजयची आई रुक्मिणी पिंगुळीत एकटी राहते. तिने दोनदा विचारलं, सुशांत कसा आहे, आणि मी दोनदा खोटं बोललो की बरा आहे. कुडाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्याला वेळ द्या म्हणाले. मी वेळ दिला, शिव्या दिल्या, आणि एकदा तर त्याच्या पायाशी बसून बोल रे बाबा म्हणून रडलो. भिंतीशी बोललो असतो तर भिंतीने तरी हूं म्हटलं असतं.

एक दिवस काजूवर फवारायचं औषध बघायला गेलो तर डबा जागेवर नव्हता. मथुरेने तो गुपचूप तिच्या भावाकडे नेऊन ठेवला होता. का, ते मी विचारलं नाही. विहिरीवर मी त्याच दुपारी जाळी टाकली, आणि का ते तिने विचारलं नाही. एकमेकांच्या डोळ्याला डोळा द्यायची आमची छाती होत नव्हती.

खोलीतून एकच आवाज यायचा. दुपार झाली की तो अजयचा निरोप लावायचा. खंयचो तो घराक येवन सांगतंय. पुन्हा लावायचा. पुन्हा. ओसरीवर बसून मला तो पाठ झाला. ऐकता ऐकता माझ्या मनाने घेतलं की ह्या पोराचं अडलंय ते इथे. ह्याला कुठला ते कळलं पाहिजे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर ती काडीही म्हापशाहून आणायची होती.

मी हेड आणणार हे मथुरेने ऐकलं मात्र, आणि हातातलं काम टाकून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ज्येच्यापायी अजय गेलो, तो माझ्या घरात नको," एवढंच म्हणाली. तिच्या समाधानासाठी मी देवाला कौल लावायचं कबूल केलं. आमच्याकडे अडलंनडलं देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर फुलांचे ओले कळे चिकटवतो. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नको. बाबली गुरवाने मला बाजूला घेऊन विचारलं, हेड म्हणजे देवाला काय म्हणून सांगू? मी म्हटलं, पेटी म्हण. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ही इलेक्ट्रिकची पेटी ह्या लेकराच्या घरात येवची काय नाय. आम्ही व्हय म्हाराजा म्हणून हात जोडले आणि वाट बघत राहिलो.

डावा पडला.

मथुरेने सुटकेचा निःश्वास टाकला. मी नारळ ठेवला, पायरी उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाला गेलो. जन्मात कधी देवाचा शब्द मोडला नव्हता. पण देवाला विहिरीवर जाळी टाकावी लागली नव्हती.

दुकानदाराला अजय आठवत होता. बराच वेळ बसून दोन्ही वाजवले त्याने, म्हणाला, हसतमुख मुलगा. एक ठेवून द्या, आठवड्यात मित्राला घेऊन येतो, असं सांगून गेला होता. कुठला, ते दुकानदाराला आठवेना. पुढे काय झालं ते मी सांगितल्यावर तो खाली बसला. दोन्ही हेड अजून फळीवर होते. एक थोरला, चकचकीत, बघूनच छाती दडपावी असा. दुसरा त्याच्या निम्म्यानेही नाही, काळा आणि साधा. मी म्हटलं, दोन्ही वाजवून दाखवा.

मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. पण भजनात तीस वर्षं पखवाज वाजवतोय आणि बुवाचा आवाज चढताना खरा किती नि उसना किती, हे माझ्या कानाला कळतं. थोरला हळुवार चॅनलवर गोड होता. ओरडणाऱ्यावर टाकला तसा कान फाटायची वेळ आली, पण मला वाटलं की आधीचा माणूस उठून गेला आणि भलताच कोणी येऊन बसला. मग धाकटा लावला. तो हळू बोलला. बटण दाबलं, आणि ओरडला. माणूस तोच. आत्तापर्यंत शहाण्यासारखा बोलत होता आणि आता त्याला सहन होत नव्हतं, एवढाच फरक. हा द्या, मी म्हटलं. वर्षाचा काजू त्यात गेला.

बांधून देताना दुकानदाराने बजावलं. दोन बटणं आहेत. पहिलं दाबलं की ट्यूबा तापतात. थोडं थांबून मग दुसरं दाबायचं, त्याने आवाज सुरू होतो. पण स्पीकर जोडल्याशिवाय दुसरं बटण दाबू नका, हेड आतून जळेल. स्पीकर आहे ना तुमच्याकडे? आहे, मुलाच्या मित्राच्या घरी, मी म्हटलं. हे त्याने मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान हलवली. कळलं नव्हतं असं कोणी म्हणू नये.

हेड आणून मी सुशांतच्या खोलीत टेबलावर ठेवला. म्हटलं, बघ, दोन चॅनलचा आहे, अजयने बघितलेल्यातलाच. त्याने बघितलं. डोळे क्षणभर त्यावर थांबले आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला. पिंगुळीला जाऊन कॅबिनेट घेऊन येऊया, मी म्हटलं. चादर डोक्यावरून ओढली त्याने. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अजयचा निरोप लावणंही त्याने बंद केलं, आणि ते त्याहून वाईट होतं. घरात आता काहीच ऐकू येत नव्हतं. मथुरा माझ्याशी बोलेना. देवाचं मोडलंस, आता भोग, असं तिच्या पाठीवरसुद्धा लिहिलेलं दिसायचं.

रविवारी दुपारी तिने ताट आत नेलं आणि तसंच बाहेर आणलं. ओसरीवर माझ्यासमोर ठेवलं. भाताला बोट लागलं नव्हतं. ती म्हणाली की तीन दिवस झाले, आता माझ्याने होत नाही. आणि पदर तोंडात कोंबून ती खाली बसली.

माझं डोकं सटकलं. खोटं कशाला सांगू, विचार करून काही केलं नाही. खोलीत गेलो, हेडची वायर भिंतीत खुपसली आणि पहिलं बटण दाबलं. ट्यूबा हळूहळू लालसर झाल्या. खोलीत तापलेल्या धुळीचा वास आला. सुशांत भिंतीकडे तोंड करून होता, पण त्याची पाठ ताठ झालेली मला दिसली. स्पीकर नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही. वर्षाचा काजू, देवाचा कौल, बायकोचा विश्वास, सगळं त्या टेबलावर होतं. हे जळतंय आणि तरीही हा वळत नाही, असं झालं तर माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं. मी दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं आणि उभा राहिलो.

"बाबा, नको."

आवाज खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा. मी हललो नाही.

"स्पीकर जोडूक नाय. जळतलो तो."

"जळांदे," मी म्हटलं.

तो उठला कसा नि आला कधी मला कळलं नाही. माझा हात झटकून त्याने वायर ओढून काढली आणि टेबलाला धरून धापा टाकत राहिला. अंगात ताकद राहिली नव्हती त्याच्या. मग तो ओरडायला लागला, माझ्यावर, हेडवर, भिंतीवर. अक्कल आहे का, कोणी सांगितलं होतं आणायला, कोणासाठी आणलात. दारात मथुरा येऊन उभी होती. ओरडता ओरडता तो एकदम थांबला आणि अगदी हळू म्हणाला, "माका ताप नव्हतो, बाबा. जावक कंटाळो इल्लो म्हणान खोटा सांगलंय. तो एकटो गेलो."

म्हणजे इतके दिवस हे त्याच्या छातीवर बसलं होतं. हेड कुठला, हा प्रश्न नव्हताच. मला वाटलं त्याला जवळ घ्यावं, पण तेही मला जमत नाही, कधी जमलं नाही. मी विचारलं, "कॅबिनेट पिंगुळीक आसा. जावया?"

तो दाराशी जाऊन चपला शोधायला लागला. इतके महिने त्या कोणी घातल्या नव्हत्या. मथुरेने त्या माळ्यावरून काढून, पदराने पुसून त्याच्यासमोर ठेवल्या.

स्कूटरच्या पायाशी हेड, मागे सुशांत, त्याच्या पाठीला गिटार. रुक्मिणी अंगणात होती. तिने त्याच्या वाढलेल्या दाढीकडे बघितलं आणि "इलंस?" एवढंच म्हणाली. आत गेलो तर कॅबिनेट भिंतीला लावलेला होता, आणि त्यावर अजयचा फोटो. हार, समई, उदबत्तीची राख. सुशांत उंबऱ्यातच खाली बसला. तिथूनच त्याने तिला सांगितलं, तापाचं. माझ्याशी बोलला त्याच शब्दांत. मी अंगणात बघत राहिलो. आता ही बाई काय म्हणेल ते म्हणो, तिला अधिकार होता.

रुक्मिणीने समई खाली ठेवली, फोटो उचलून उराशी धरला आणि दुसऱ्या हाताने पदर घेऊन कॅबिनेटची वरची बाजू पुसली. राख गेली, कुंकवाचा डाग राहिला. "ठेव हंय," ती म्हणाली.

सुशांतने हेड वर ठेवला, वायरी जोडल्या, पहिलं बटण दाबलं आणि थांबला. मग दुसरं. हळुवार चॅनलवर त्याने काहीतरी सुरू केलं, तीनदा चुकला, पुन्हा सुरू केलं. रुक्मिणी फोटो मांडीवर घेऊन ऐकत होती.

"इतक्या हळू कित्याक?" ती म्हणाली. "माझ्या झिलान कधी इतक्या हळू वाजवल्यान नाय."

सुशांतने पायाने बटण दाबलं. घराची कौलं हलली असतील. रुक्मिणीच्या मांडीवरच्या फोटोची काच थडथडायला लागली, आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. सुशांत वाजवत होता आणि रडत होता, तोंड उघडं टाकून, लहानपणी रडायचा तसा. बाहेर शेजारीपाजारी जमले.

अजयने कुठला ठरवला होता, ते आम्हांला कधी कळणार नाही. मी विचारणंही सोडून दिलं आहे. निघताना सुशांत कॅबिनेट उचलायला गेला तर रुक्मिणीने हात आडवा घातला. "ह्यो हंयच ऱ्हवांदे. तू येवन वाजवत जा." तेव्हा हेडही तिथेच राहिला. माझ्या घरात तो नको म्हणून देव बोलला होता, तेही एकापरीने झालं, असं मी मथुरेला सांगायचं ठरवलं.

परतताना कुडाळच्या अलीकडे मागून आवाज आला.

"बाबानु, तुमी खराच बटान दाबतलास?"

"गप बस," मी म्हटलं.

तो गप बसला नाही. उद्या जाताना लांब वायर घ्यायला हवी, म्हणाला, रुक्मिणीकाकीचा प्लग फार लांब आहे.