एकतिसाव्या रेणूची जबानी

मी एकतिसावा बोलतोय. माझं खरं नाव इतकं लांब, की मला घडवणाऱ्या बाईंनाही ते एका दमात म्हणता येत नसे. मी एक रेणू, रॉकेलसारख्या तेलात विरघळून राहतो. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवतात. त्या जहाल पाण्यातून नेमकं युरेनियम धरायचं, बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही आणि पुढच्या भांड्यात ते मुकाट्याने सोडायचं, एवढंच माझं काम.

माझ्याआधीचे तीस वाया गेले. कुणी धरेचना, कुणी धरलेलं सोडेचना. सहा वर्षं बाईंनी कागदावर आमचे हात आखले, खोडले, पुन्हा आखले. मी धरलं आणि सोडलंही, तेव्हा त्या स्टुलावर बसून रडल्या. मलाही गर्व झाला.

पण मला थंडी सोसत नाही. एका गार सकाळी मी पोटभर युरेनियम धरलं आणि तेलातून फुटून तळाशी बसलो, मधासारखा घट्ट. आलेखात एक ठिपका रेघेपासून लांब पडला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"तापमापक बिघडला असेल," बाई म्हणाल्या आणि ठिपका पुसला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणे. तीसदा पोळूनही बाईंनी फुंकर मारली नाही.

खऱ्या इंधनाची चाचणी किरण अडवणाऱ्या जाड भिंतीआडच्या कोठडीत होती. बाहेरून यांत्रिक हात चालवायला काका होते, निवृत्तीला सात महिने उरलेले. नेमका त्या दिवशी तेल कोमट ठेवणारा हीटर बंद पडला.

"चालू द्या, चाचणी बघायला आलेले पाहुणे खोळंबलेत," साहेब म्हणाले.

काका बाईंकडे वळले. "बाई, गारव्याने काही बिघडणार नाही ना?"

"नाही काका."

मी नळीत घट्ट बसलो. मागचं भांडं काठोकाठ भरलं. यांत्रिक हात तिथवर पोचेना, म्हणून नळी मोकळी करायला पोशाख चढवून काका आत गेले. चार मिनिटांच्या कामाला अकरा लागली. मला सुटायचं होतं हो, सुटता येईना.

आता मी कचऱ्याच्या कोठारात, शिशाच्या पिंपात आहे. आज बाई पिंपाच्या कागदावर सही करायला आल्या होत्या.

"काका कसे आहेत?" कोठारवाल्याने विचारलं.

"रक्त तयार होणंच थांबलंय. मला म्हणाले, माझ्या हातून तुमची चाचणी बिघडली, माफ करा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाईंनी सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

बाई, मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, इथेच कुजत ठेवा. पण काकांना ऐकू येतंय तोवर जा आणि त्यांना खरं सांगा.